मंगळ कितव्या घरात?

माझ्या पुतणीचं जमत आलेलं लग्न एका टिंबापायी फिसकटायच्या बेतात होतं. टिंब म्हणजे अनुस्वार नव्हे. शब्द मध्येच तोडल्यावर त्याच्या शेपटाला देतात ते.

झालं असं. मुलाकडची मंडळी कोथरूडची. त्यांना फोटो पसंत पडला, शिक्षण पसंत पडलं, आणि मुलाच्या आईनं आमच्या मंगळवेढ्याच्या घरी फोन लावला. घरात तेव्हा एकटी आक्का होती. आक्का म्हणजे माझी आत्या. वय ऐंशीच्या पुढं, उजवा कान कामातून गेलेला आणि डावा तिच्या मर्जीवर चालणारा. संभाषण तिनं स्वतःच आम्हाला संध्याकाळी मोठ्या अभिमानानं ऐकवलं, आणि पुढं मुलाच्या आईनं सांगितलेलं अक्षरन् अक्षर त्याच्याशी जुळलं, म्हणून खात्रीनं देतोय.

"तुमच्या मुलीचा बायोडाटा मिळाला. त्यात मंगळ लिहिलंय."

"व्हय की."

"कितव्या घरात आहे?"

"चौकातनं आत आलं की चौथं."

पलीकडं जरा शांतता. पत्रिकेत चौथ्या घरातला मंगळ म्हणजे काय, हे ज्याच्या घरी लग्नाचा मुलगा आहे त्याला सांगावं लागत नाही.

"कडक आहे की सौम्य?"

"आता काय सांगू बाई, मे महिन्यात लई कडक. पदर घेतल्याबिगर दारात उभं ऱ्हाता येत न्हाई. थंडीत मातूर ग्वाड."

"शांती वगैरे केली आहे का?"

"केली की. घर बांधलं तवाच केली. सत्यनारायणबी घातला."

"आणि ते मूळ...?"

"मूळ हितलंच. सात पिढ्यांचं."

फोन बंद. आक्काचं मत असं पडलं की, बाई लई मायाळू आहे; घराची, उन्हाची, वाडवडलांची, समद्यांची चौकशी केली, आजकाल कोण करतंय.

आम्ही बायोडाटा मागवून पाहिला. तो केला होता माझ्या धाकट्या पुतण्यानं. तो हिंजवडीत संगणकावर काम करतो आणि कुठलीही गोष्ट एका पानात बसवण्याची त्याला शिकवणच आहे. त्यानं छान तक्ता आखला होता. डावीकडं विषय, उजवीकडं माहिती. रास – धनु. नाडी – मध्य. गण – मनुष्य. त्याच्या खाली 'मूळ गाव – मंगळवेढा' यायला हवं होतं. पण रकाना अरुंद. मग डावीकडचं 'गाव' गेलं, उजवीकडचं 'वेढा' गेलं, आणि राहिलं 'मूळ – मंगळ.'

म्हणजे मुलगी मूळ नक्षत्राची आणि वर मंगळाची. एवढी हमी घेऊन कुणी मुलगी खपवायला काढत नसेल.

"टिंब दिलंय की, काका," पुतण्या म्हणाला. "टिंब म्हणजे पुढं शब्द आहे." त्याचा त्या टिंबावर केवढा भरवसा! मराठी माणूस टिंब वाचत नाही. त्याला वाटतं शाई पडली.

गावाचं नाव तोडण्याची ही आमच्याकडची पहिली वेळ नव्हे. मी स्वतः पुण्यात हॉस्टेलवर होतो तेव्हा तिथं आईबापांनी ठेवलेलं नाव कुणालाच नसे. करमाळ्याचा तो करमाळ्या, सांगोल्याचा तो सांगोल्या, अक्कलकोटचा होता त्याला सगळे स्वामी म्हणत, आणि मी मंगळ्या. चार वर्षं मंगळ्या. हॉस्टेलातल्या नागपूरकडच्या एका मित्राला पाचही अक्षरं म्हणायची हौस होती, पण त्याच्या तोंडात 'ढ'चा 'ड' व्हायचा. तो म्हणे 'मंगळवेडा'. इंग्रजीत लिहिताना बरेच जण शेवटचा एच गाळतात, त्यांचंही तेच होतं. एका एचनं अख्खं गाव वेडं ठरतं. हिंदीवाल्यांना 'ळ' झेपत नाही, ते 'मंगलवेढा' म्हणतात, आणि गाव एकदम लग्नाच्या हॉलसारखं वाटायला लागतं. त्या मानानं दक्षिणेकडची मंडळी आपली. आमच्या तालुक्याच्या त्या अंगाला घराघरांत कानडी चालतं, आणि कानडी माणसाचा 'ळ' आमच्यापेक्षाही गोल असतो.

पाच अक्षरं म्हणजे काही फार नव्हेत. पंढरपूरलाही पाचच आहेत. पण पंढरपूरला लोकांनी 'पंढरी' करून दिलं आणि त्यावर अभंग झाले. आम्हाला 'मंगळ' करून दिलं आणि त्यावर शांत्या झाल्या. ज्याचं त्याचं नशीब. पुण्याला नाव दोनच अक्षरांचं, म्हणून उरलेली सगळी अक्षरं तिथले लोक पाट्यांवर खर्च करतात.

बाहेरचा माणूस नाव तोडतो ते पुढून धरून. आम्ही तोडत नाही, आम्ही गिळतो. हे पाहायचं असेल तर पंढरपूरच्या स्टँडवर उभं राहावं. तिथून मंगळवेढा जेमतेम २५ किलोमीटर. गाडी लागली की कंडक्टर दांडीला धरून दारात उभा राहतो आणि ओरडतो, "मंगळवेढं, मंगळवेढं, मंगळवेढं." पहिल्या हाकेला पाचही अक्षरं असतात. दुसरीला 'मंगळ' नाकात जातो. तिसरीपासून नुसतं "वेढं, वेढं, वेढं" असं ऐकू येतं, आणि नवख्या माणसाला वाटतं की, शत्रू आला. टोपीवाला म्हातारा शांतपणे पिशवी उचलून विचारतो, "मास्तर, बसू का?" त्याला नाव ऐकायचंच नसतं. त्याला आवाज ओळखीचा असतो.

यात व्याकरणाचीही एक खूण आहे. बोर्डावर 'मंगळवेढा', पुल्लिंगी. जुन्या लिखाणात 'मंगळवेढे', नपुंसकलिंगी. आमच्या तोंडी 'मंगळवेढं'. त्यामुळं गाडीत कुणी "मंगळवेढा आला का?" असं विचारलं की समजावं, पाहुणा आहे. "मंगळवेढं आलं न्हवं?" म्हणणारा घरचा. एवढं व्याकरण स्टँडवरच्या पाकीटमारालाही येतं.

आणि जो अगदी घरचा, तो नावच घेत नाही. वस्तीवरचा माणूस मोटारसायकलला किक मारताना "गावात निघालोय" म्हणतो. आसपासच्या खेड्यांतला "तालुक्याला जाऊन येतो" म्हणतो, सोमवारी असो की शनिवारी. आक्कानं उभ्या आयुष्यात मंगळवेढ्याचं नाव किती वेळा घेतलं असेल कुणास ठाऊक. बोटांवर मोजण्याइतकंच असावं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच गावाचंही. घ्यायची वेळ कुठं येते? तुमच्या घरात एकच आई असेल तर तुम्ही तिला नावानं हाक मारत नाही. नाव लागतं ते परक्याला, पोस्टमनला आणि पोलिसांना.

पोस्टमनवरून आठवलं. पत्ता लिहिताना मराठी माणसानं जगातली एक अजब गोष्ट करून ठेवली आहे. 'मु. पो. मरवडे, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर.' मुक्काम तोडला, पोस्ट तोडलं, तालुका तोडला, जिल्हा तोडला, पण गावाच्या नावाला हात लावला नाही. सरकारला एका अक्षरात गुंडाळायचं आणि गाव अख्खं ठेवायचं, ही केवढी समज! लग्नपत्रिकेतही तेच. श्री., सौ., चि., चि. सौ. कां., वै., ग. भा. सगळी नाती अर्ध्यात तोडून ठेवलेली, आणि गावं मात्र शेवटच्या वेलांटीपर्यंत पुरी.

या नियमाला एकच अपवाद: बु. आणि खु. आमच्या तालुक्यात एक सलगर बु. आहे आणि एक सलगर खु. आहे. बुद्रुक म्हणजे थोरलं आणि खुर्द म्हणजे धाकटं. दोन्ही शब्द फारसीतून आले, बुजुर्ग आणि खुर्द. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारकुनांनी जोडगावांवर थोरल्या-धाकट्याचे शिक्के मारले, ते अजून निघालेले नाहीत. मग धाकट्याची वस्ती थोरल्यापेक्षा वाढली तरी चालेल. सरकारी कागदात इंग्रजीत त्याचं 'बीके' आणि 'केएच' होतं. मागं आमच्याकडं पुण्याचा एक मित्र त्या वाटेनं गाडी घेऊन आला होता. मोबाइलमधली बाई त्याला सारखी सांगत होती, "सलगर बीके की ओर मुड़िए." तो मला विचारू लागला, हे बी. के. सलगर कोण? इथले आमदार का? मी म्हटलं, आमदार नाहीत, पण थोरले आहेत.

रेल्वेची तऱ्हा आणखी निराळी. तिच्या लेखी प्रत्येक स्टेशनाला दोन-चार इंग्रजी अक्षरांचा कोड, आणि त्या कोडात कुणाचं काय होईल सांगता येत नाही. कोल्हापूरला 'केओपी' मिळालं. ते एकत्र वाचलं तर 'कोप' होतं. रांगड्या शहराला शोभतंय, आणि तिथल्या पोरांनी ते मिरवायलाही घेतलं. सोलापूरला मिळालं 'एसयूआर', म्हणजे सूर. चादरी विणणाऱ्या गावाला गाणं कुणी लावलं न कळे. दौंडला नुसतं 'डीडी', जणू ती जंक्शन नसून बँकेत काढायची गोष्ट. पण पंढरपूरला मिळालंय 'पीव्हीआर'. आता अठ्ठावीस युगं विटेवर उभ्या असलेल्या देवाचं गाव आणि मॉलमधलं सिनेमा थिएटर यांचं नाव एकच व्हावं, हा योगायोग रेल्वेलाच सुचू शकतो. माझा पुतण्या एकदा हिंजवडीतल्या मित्रांना म्हणाला, "शनिवारी पीव्हीआरला चाललोय, आजीला घेऊन." मित्रांनी विचारलं, कुठला पिक्चर? हा म्हणाला, एकच आहे, कधीपासून लागलाय, गर्दी हटत नाही.

मंगळवेढ्याला कोड नाही, कारण मंगळवेढ्याला रेल्वे नाही. पंढरपूरहून आमच्यावरून विजापूरला जाणारी रेल्वे येणार, हे मी लहानपणापासून ऐकतोय. दर निवडणुकीला ती एक स्टेशन पुढं सरकते. आली तर कोड काय देतील या काळजीनं मला ती न आली तरी चालेल असं वाटू लागलंय.

गाड्यांच्या नंबरांनी मात्र माणसांना एक करून टाकलं. पुण्यात सिग्नलला 'एमएच १३' दिसला की, आमच्याकडचा माणूस काच खाली करतो. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरकर आणि मंगळवेढेकर एकमेकांना उसाच्या रसवंतीवर उभं करणार नाहीत, पण कात्रजच्या घाटात दोघं एमएच तेरा. अकलूजचा एमएच ४५ निघाल्यापासून या भाऊबंदकीतही वाटणी झाली.

नावं बदलतात तेव्हा लोक काय करतात, हा तर वेगळाच तमाशा. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात 'महाराज' आलं, आणि त्याचं लघुरूप 'सीएसएमटी' म्हणायला मूळच्या नावाएवढाच वेळ लागू लागला. जुना टॅक्सीवाला अजून 'व्हीटी' म्हणतो. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण तिथला माणूस आधीही 'नगरला' जायचा आणि आताही 'नगरला'च जातो. हुशारी अशी की, शेपूट धरून ठेवलं होतं; पुढचं बदलून गेलं तरी त्याच्या हातातलं सुटलं नाही. आमच्या पुतण्यानं 'मंगळ' टाकून 'वेढा' ठेवला असता तर मुलाकडच्यांनी फार तर वेढा उठवायची विनंती केली असती.

आमच्या भागात नाव बदलायचा प्रयत्न खुद्द औरंगजेबानं करून पाहिलाय. माचणूरजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरी आहे. तिथं १६९५ पासून बादशहाची छावणी होती, चार वर्षं. दिल्लीचा कारभार तिथून चालायचा. त्यानं ब्रह्मपुरीचं 'इस्लामपुरी' केलं, फर्मानं त्या नावानं निघाली, आणि १६९९ मध्ये छावणी हलली. आज तिथं जाऊन कुणालाही विचारा. ब्रह्मपुरी. हत्ती, घोडे, तोफा घेऊन आलेल्या आलमगिराला जे जमलं नाही, ते आमच्या पुतण्यानं अरुंद रकान्यानं करून दाखवलं, एवढंच म्हणतो.

हा आजार आपल्याकडचाच नव्हे. माझी एक भाची अमेरिकेत सॅन होजेला असते. तिथून जवळ सॅन फ्रान्सिस्को. बाहेरून येणारे त्याला कौतुकानं 'फ्रिस्को' म्हणतात आणि तिथल्या लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. हर्ब केन नावाच्या तिथल्या एका वृत्तपत्री लेखकानं तर १९५३ साली 'डोन्ट कॉल इट फ्रिस्को' या नावाचं पुस्तकच काढलं. "मग तिथले लोक काय म्हणतात?" मी विचारलं. भाची म्हणाली, "नुसतं 'द सिटी'." आक्का शेजारी बसली होती. तिनं विचारलं, म्हंजी काय? मी म्हटलं, म्हणजे 'गावात'. "मग बराबर हाय," आक्का म्हणाली, "त्यास्नी दुसरं गाव कुठंय?" बोरिवलीत राहणारे आमचे एक मेहुणे आहेत. पन्नास वर्षं मुंबईत काढली, तरी चर्चगेटला निघाले की, "मुंबईला जाऊन येतो" म्हणतात. त्यांना आम्ही अजून विचारतो की, मग तुम्ही राहता कुठं?

नाव आखूड करण्यात दर वेळी आळस किंवा अरुंद रकाना असतो असंही नाही. मराठीत मायेची पहिली खूण म्हणजे नाव आखूड होणं. ज्ञानेश्वराचा ज्ञाना, तुकारामाचा तुका, विठ्ठलाचा विठू. आमच्या गावाची सगळ्यात मोठी गोष्ट तर याच आखूड नावावर उभी आहे. दामाजीपंत हे बिदरच्या बादशहाचे मंगळवेढ्यातले अधिकारी. दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बादशहानं धरून आणायला शिपाई पाठवले. आणि मग, कथा सांगते, खुद्द पांडुरंग धान्याची किंमत घेऊन बिदरच्या दरबारात गेला. पण कसा गेला? शेला-मुकुट घालून, 'श्री विठ्ठल, मु. पो. पंढरपूर' असा नाही गेला. विठू महार म्हणून गेला. घोंगडी, काठी, आणि दोन अक्षरांचं नाव. पैसे मोजले, पावती घेतली, परत आला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला पावतीचं फार कौतुक वाटायचं. देवानंसुद्धा सरकारी कामात पावती घ्यायला हवी, हे गावाला तेव्हापासून ठाऊक आहे.

त्या दामाजीपंतांचं आता आम्ही काय केलंय ते सांगतो. तालुक्यात श्री संत दामाजी सहकारी साखर कारखाना आहे, तो 'दामाजी'. संत दामाजींच्या नावाचं महाविद्यालय आहे, पोरं म्हणतात 'दामाजीला आहे'. दामाजी चौक आहे, तोही 'दामाजी'. त्यामुळं सकाळी चहाच्या टपरीवर "दामाजीचं काय म्हणतंय?" या प्रश्नाला उत्तर देणारा आधी विचारणाऱ्याचे कपडे पाहतो. पायात चिखल असेल तर ऊस, पाठीवर सॅक असेल तर परीक्षा. शेजारच्या पंढरपूर तालुक्यात तर 'विठ्ठल' नावाचा कारखाना आहे. तिथं दोन शेतकरी सहज बोलतात, "मी सगळा विठ्ठलाला घातला," आणि बाजूनं जाणारा वारकरी हात जोडतो. त्याला कोण सांगणार की, तो टनांत बोलतोय.

यात एकच वस्तू अशी निघाली, जिनं गावाचं नाव न तोडता मिरवलं. ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी. बाहेर तिचंही 'एम ३५-१' असं खत-बियाणांच्या दुकानातलं नाव आहे, ते एखाद्या हायवेचं वाटतं. पण २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते 'मंगळवेढा ज्वारी' म्हणून, अक्षर न गाळता. पुण्यात किराणा दुकानात बाया पोत्यात हात घालतात, दाणा चावून बघतात आणि विचारतात, "मंगळवेढ्याची का?" तिथं माझी मान उंच होते. एकदा मी मध्ये पडून म्हणालोसुद्धा, "मीही तिथलाच." त्या बाईंनी माझ्याकडं वरून खाली पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "दोन किलो द्या."

आडनावाचं एक राहिलं. 'मंगळवेढेकर' हे सात अक्षरी आडनाव मराठी मुलांच्या पिढ्यांना पाठ आहे, बालगीतं लिहिणाऱ्या राजा मंगळवेढेकरांमुळं. आडनाव एवढं लांब असल्यावर पुढं 'राजा' एवढंच लावलं, हा तोल मला फार आवडतो. तीच समज आमच्या पुतण्याला असती तर मुलीचं नाव आखूड करून गाव लांब ठेवलं असतं.

तर ते स्थळ. ते वाचवलं मुलाच्या मामांनी. हे मामा निवृत्तीनंतर पत्रिका बघायला शिकलेले. घरात सगळी सुतकी चेहरा करून बसलेली असताना त्यांनी बायोडाटा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "मूळ नक्षत्राचा गण राक्षस असतो आणि नाडी आद्य. इथं गण मनुष्य आणि नाडी मध्य लिहिलीय. ही पूर्वाषाढा असणार. मग हे 'मूळ' काय आहे?" आणि मग त्यांना ते टिंब दिसलं. पुण्यात टिंब वाचणारा एक तरी माणूस निघाला. त्यांनी फोन करून विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" वहिनी म्हणाल्या, "मंगळवेढा." पलीकडं मामा इतके हसले की, वहिनींना वाटलं, आता गावालाही नकार.

लग्न ठरलं. पत्रिका छापायला आम्ही गावातल्याच एका प्रेसमध्ये गेलो. मी, वहिनी, आणि हट्टानं आलेली आक्का. प्रेसवाल्यानं पडद्यावर पत्रिका मांडली. दोन्हीकडची आजोबा-आजी, निमंत्रक, व्यवस्थापक, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिल्लीपिल्ली, सगळं बसलं, आणि नवऱ्या मुलीच्या वडिलांच्या नावापुढं 'रा. मंगळवेढा' मावेना. 'ढा' खालच्या ओळीत एकटाच पडायचा.

"मं. वेढा करू का?" प्रेसवाल्यानं विचारलं. "सगळे करतात."

"टिंब द्यायचं न्हाई," आक्का म्हणाली. तिला आता टिंबाची ताकद कळली होती.

"मग अक्षर बारीक करू?"

"बारीक कशापायी? आमचं गाव काय चोरून आणलंय?"

"आजी, जागाच नाही. कुणाचं तरी काहीतरी तोडावं लागेल."

आक्कानं पडद्याकडं नीट पाहिलं. वरच्या ओळीत नवरदेवाच्या नावामागं कंसात त्याच्या पदव्या होत्या, परदेशातल्या विद्यापीठासकट. तिनं काठीचं टोक पडद्याला टेकवलं.

"ह्ये तोड."

तसंच छापलं. नवरा मुलगा आमच्या पत्रिकेत निव्वळ चि. राहिला. मुलाकडच्यांनी त्यांची पत्रिका वेगळी काढली आणि पदव्या तिथं भरून घेतल्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पुण्याहून त्यांची मिनीबस निघाली. दुपारी पंढरपूर ओलांडल्यावर मुलाच्या आईचा फोन आला. घरात मांडवाची गडबड, कुणी उचलेना, तेव्हा डाव्या कानानं मनावर घेतलं आणि आक्कानं उचलला.

"आक्का, पोहोचतोय आम्ही. कुठं यायचं?"

"गावात या."

"गावात आलोच. पण मंगळ कितव्या घरात?"

आक्काला त्यातली थट्टा कळली की नाही, मला अजून सांगता येत नाही. ती म्हणाली, "आवं, मागंच सांगितलं न्हवं का? चौथ्या. दारात मांडव हाय."